के.ई.एम. रुग्णालयाचा शल्यचिकित्सा विभाग : दान, विद्या आणि गुरुपरंपरा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



2023 साली परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि दरवर्षी शंभर विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय या जिल्ह्यात झाली. ज्या जिल्ह्यातील माणसाने दोन-तीन पिढ्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अंथरूण-पांघरूण बांधून रेल्वे स्थानकाची वाट धरली, त्या जिल्ह्याला ही घटना लहान नाही. महाविद्यालय आले म्हणजे त्याबरोबर शल्यचिकित्सा विभागही आला. परंतु विभाग म्हणजे काय? दगडविटांची इमारत, शस्त्रक्रियागृहातील दिवे, की दारावरची पाटी? याचे उत्तर शोधायचे असेल, तर ज्या विभागाला शंभर वर्षांची परंपरा आहे, त्याच्याकडे पाहिले पाहिजे. मुंबईच्या परळ भागातील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेले के.ई.एम., येथील शल्यचिकित्सा विभाग हा असा विभाग आहे. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरलेल्या परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या कितीतरी कुटुंबांना या रुग्णालयाची वाट ठाऊक आहे.

मुंबईकडे वळण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास आठवणे उचित ठरेल. 1948 पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला आधुनिक वैद्यक शिकायचे तर वाट हैदराबादेकडे जात असे. तेथील वैद्यकीय शाळा 1846 साली सुरू झाली आणि पुढे ती उस्मानिया विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय बनली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शाळेचे प्रमुख शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी हे होते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे लक्ष द्यावे की श्वासाकडे, हा त्या काळी जगभर चर्चेचा प्रश्न होता. श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, क्लोरोफॉर्मने हृदयाला थेट धोका नाही, असे लॉरी यांचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी 1888 आणि 1889 साली हैदराबादेत दोन आयोग बसले. निजाम सरकारने खर्च उचलला, लंडनहून तज्ज्ञ आले, शेकडो श्वान व अन्य प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या मताप्रमाणेच निघाला. लॉरी शेवटपर्यंत त्या मताला चिकटून राहिले. परंतु 1911 साली लेव्ही या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मने हृदयाची लय बिघडून अकस्मात मृत्यू येऊ शकतो. याच लॉरींनी रूपाबाई फर्दूनजी या पारशी युवतीला भूल देण्याचे शास्त्र शिकविले आणि त्या जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक ठरल्या, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारणार नाही. तथापि, प्रमुख आपल्या मताच्या प्रेमात पडला की विद्येची वाट कशी अडते, हेही या इतिहासातून दिसते.

आता परळकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र म्हणजे 1845 साली स्थापन झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जे.जे. रुग्णालय. तेथे शिकणारे विद्यार्थी बहुतांशी भारतीय, परंतु प्राध्यापकांच्या आणि प्रमुखांच्या वरिष्ठ जागा मुख्यत्वे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि ते बहुधा इंग्रज असत. विलायतेत जाऊन सर्वोच्च पदवी मिळविलेला भारतीय शल्यचिकित्सकसुद्धा मायदेशी परतल्यावर दुय्यम ठरे. अशा वेळी सेठ गोवर्धनदास सुंदरदास या दिवंगत व्यापाऱ्याच्या विश्वस्तांनी मुंबई महापालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली आणि तिच्यासोबत एक अट घातली. या महाविद्यालयातील अध्यापक सुयोग्य, स्वतंत्र, सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असावेत, अशी ती अट होती.

मित्रहो, ही अट व्यापारी समाजाने नीट समजून घेण्यासारखी आहे. देणगी देताना आपण पुष्कळदा विचारतो की, पाटी कोठे लागेल आणि नावाचे अक्षर केवढे असेल. या विश्वस्तांनी विचारले की, वर्गात शिकवायला कोण उभे राहील. त्यांनी भिंतींचा विचार केला, पण माणसांचा अधिक केला. 1925 साली महाविद्यालय सुरू झाले, 1926 साली रुग्णालय. भोवती कापडगिरण्यांची धुराडी आणि गिरणी कामगारांच्या चाळी होत्या. ज्या गिरण्यांचे कापड मराठवाड्याच्या बाजारपेठांत विकले जाई, त्या गिरण्यांत राबणाऱ्या हातांना औषधोपचार मिळावा म्हणून हे रुग्णालय उभे राहिले. जैन परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. रुग्णालयाला जोडलेले महाविद्यालय ही एकाच छपराखाली औषधदान आणि शास्त्रदान घडविणारी व्यवस्था होय.

या संस्थेचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे होते. अमरेलीचे हे सुपुत्र पुढे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि 1960 साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. 1942 पर्यंत त्यांनी या संस्थेची जडणघडण केली. भारतीय माणूस मोठी संस्था चालवू शकतो, हे नुसते म्हणून भागणार नव्हते. रोजच्या बाह्यरुग्ण विभागात आणि शस्त्रक्रियागृहात ते दाखवून द्यायचे होते.

शल्यचिकित्सा विभागात आरंभीच्या पिढीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांत डॉ. गोपाळराव देशमुख अग्रभागी आहेत. विलायतेची एफ.आर.सी.एस. पदवी मिळविलेले हे शल्यचिकित्सक येथे मानद सेवा देत आणि विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवीत. मानद म्हणजे स्वतःची उपजीविका खासगी व्यवसायावर आणि रुग्णालयातील सेवा विद्येच्या व समाजाच्या नावाने. 1928 साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी हिंदू स्त्रीच्या संपत्तीवरील हक्काचे विधेयक मांडले आणि 1937 साली त्याचा कायदा झाला. देशमुख कायदा म्हणून तो ओळखला जातो. पतीच्या निधनानंतर विधवेला संपत्तीत वाटा देणारा हा कायदा एका शल्यचिकित्सकाने आणावा, यात आश्चर्य नाही. रुग्णशय्येजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला घरातील दुःख जितके दिसते, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला दिसते. मुंबईचा पेडर रोड आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यांच्या पाठोपाठच्या पिढीत डॉ. ए. व्ही. बाळिगा झाले. दक्षिण कर्नाटकातील उडुपी परिसरातून आलेल्या या निष्णात शल्यचिकित्सकाने के.ई.एम.मध्ये अनेक विद्यार्थी घडविले, भारतीय वैद्यक संघटनेचे अध्यक्षपद भूषविले आणि भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संबंधांसाठी काम केले. 1964 साली त्यांचे निधन झाले. मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियेत डॉ. जी. एम. फडके यांनी जगाचे लक्ष वेधून घेतले. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाल्यावर दुर्दैवाने मूल दगावले, तर त्या बापाने काय करायचे, हा प्रश्न त्या काळी अनेक घरांत उभा राहिला होता. कापलेली शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याचे अनुभव डॉ. फडके पिता-पुत्रांनी 1967 साली अमेरिकेतील मूत्ररोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. एवढ्या नाजूक नळीचे टाके घालण्याचे हे काम, विणकराने तुटलेला धागा सांधावा तसेच, हाताच्या आणि मनाच्या स्थैर्यावर अवलंबून असे.

याच काळात एका विभागातून अनेक विभाग जन्मास आले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग डॉ. होमी दस्तूर यांनी 1957 साली उभा केला. बालशल्यचिकित्सेचा पाया डॉ. आर. के. गांधी यांनी घातला. सुघटन शस्त्रक्रियेत दुभंगलेल्या ओठांच्या बालकांना डॉ. चार्ल्स पिंटो यांनी नवे हसू दिले. मोठ्या पेढीतून मुलगे वेगळ्या पेढ्या काढतात, तेव्हा मूळ पेढी लहान होते असे काहींना वाटते. परंतु ज्याला व्यापार कळतो, त्याला ठाऊक असते की, नाव वाढते ते याच रीतीने. ज्या प्रमुखांनी शिष्यांना वेगळे होऊ दिले, त्यांचाच विभाग मोठा झाला.

आता या परंपरेतील सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत कठीण प्रकरणाकडे यावयाचे आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म 1915 सालचा. वैद्यकीय शिक्षण याच महाविद्यालयात झाले. पुढे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले आणि छातीच्या व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे ज्ञान घेऊन परतले. 1950 नंतरच्या दशकात के.ई.एम.मध्ये त्यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र पथक उभारले. महारोहिणीच्या विकारांवर त्यांनी जे काम केले, त्याची नोंद परदेशातही घेतली गेली. सर्पाच्या हृदयात रक्त हृदयाच्या पोकळीतून थेट स्नायूत झिरपते, हे निसर्गाचे तत्त्व पाहून, अरुंद रक्तवाहिन्यांच्या रुग्णाच्या हृदयस्नायूत सूक्ष्म छिद्रे करून रक्त पोहोचविण्याचा प्रयोग त्यांनी 1965 च्या सुमारास मांडला. पुढे लेसर किरणांनी जी तत्सम पद्धत आली, तिच्या इतिहासात सेन यांच्या या कल्पनेचा उल्लेख होतो. हा माणूस चित्रकारही होता.

3 डिसेंबर 1967 रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यांचा तो रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी 1968 मध्ये, परळच्या या महापालिका रुग्णालयात डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. अशी शस्त्रक्रिया करणारे ते जगातील चौथे शल्यचिकित्सक ठरले. रुग्ण सत्तावीस वर्षांचा शेतकरी होता आणि हृदय अपघातात दगावलेल्या एका युवतीचे होते. नवे हृदय धडधडू लागले. परंतु फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब त्याला पेलवला नाही आणि सुमारे तीन तासांत रुग्णाचा अंत झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला.

या घटनेला यश म्हणावे की अपयश? दोन्ही रुग्ण गेले, हे सत्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. त्या काळी शरीराने परके अवयव नाकारू नयेत यासाठी आजच्यासारखी प्रभावी औषधे नव्हती. सायक्लोस्पोरीनचा तो गुण 1972 साली ध्यानात आला आणि ते सर्रास वापरात यायला आणखी दशकभर गेले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदाही नव्हता. जगभर बहुतेकांनी हृदयारोपण थांबविले. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 साली झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. सेन 1982 सालीच निवर्तले होते. तो दिवस त्यांनी पाहिला नाही. के.ई.एम.मध्ये हृदयारोपणाची शस्त्रक्रिया पुन्हा झाली ती 2024 साली, छप्पन्न वर्षांनी.

श्रोतेहो, सेन यांचे मोठेपण केवळ धाडसात नव्हते. धाडसी माणसे पुष्कळ असतात. जे घडले ते त्यांनी वैद्यकविश्वासमोर मांडले. रुग्ण किती वेळ जगला आणि का गेला, हे नोंदले गेले आणि पुढच्यांच्या हाती आले. त्यांच्या पथकातील डॉ. जी. बी. पारुलकर यांनी गुरूचे कार्य पुढे चालविले आणि ते संस्थेचे अधिष्ठाताही झाले. हैदराबादचे लॉरी आणि मुंबईचे सेन यांत फरक आहे तो येथे. एकाने आपले मत विद्येपेक्षा मोठे मानले, दुसऱ्याने आपले अपयशही विद्येच्या स्वाधीन केले. व्यापारात ज्याची वही खरी, त्याचीच पेढी टिकते. नफा मोठ्या अक्षरांत आणि तोटा कोऱ्या पानावर, अशी वही लिहिणारा स्वतःलाच फसवितो. शल्यचिकित्सा विभागात मृत्यू-परीक्षणाची बैठक भरते, तेथे दगावलेल्या रुग्णाची हकिगत सर्वांसमोर वाचली जाते आणि प्रमुखालाही प्रश्न विचारता येतो. ही त्या विभागाची खरी वही होय. आपल्याकडे प्रतिक्रमणात दिवसभराच्या दोषांची आलोचना असते. तिचे मर्म याहून वेगळे नाही.

येथे एक अवघड प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. सेन यांच्या हृदयारोपणापूर्वी प्रयोगशाळेत श्वानांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. हैदराबादच्या आयोगासाठीही शेकडो जीव गेले, आणि तेही पुढे चुकीच्या ठरलेल्या निष्कर्षासाठी. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजाला हे वाचून वेदना होणारच, आणि ती व्हायलाच हवी. मनुष्य वाचला म्हणून त्या मुक्या जीवांचे दुःख पुसले गेले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते सत्य नाही. त्याचबरोबर, ज्या शस्त्रक्रियेचा लाभ आज आपल्या घरातील आजोबा-आजी घेतात, तिच्या मुळाशी हे ऋण आहे, हे विसरणेही प्रामाणिकपणाचे नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर नियंत्रण आणले. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नित्य शिक्षणातून जिवंत प्राणी आता बहुतांशी दूर झाले असून त्यांची जागा कृत्रिम प्रतिकृती आणि संगणक घेत आहेत. ऋण मान्य करून ते पुढे वाढू न देणे, हीच येथे विवेकाची वाट आहे. अशा प्रतिकृती नव्या महाविद्यालयाला मिळवून देणे ही जीवदयाच ठरेल.

अलीकडच्या पिढीत डॉ. रवी बापट यांच्या आत्मकथनामुळे या विभागातील पाच क्रमांकाचा वॉर्ड मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. ते पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. 1998 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ म्हणजे परळचे जुने महाविद्यालय आणि परभणीचे नवे महाविद्यालय यांना जोडणारा दुवा आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची परीक्षा आणि पदवी एकाच विद्यापीठाची आहे.

मराठवाड्यात ही गंगा टप्प्याटप्प्याने आली. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, 1956 साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे महाविद्यालय 1974 च्या सुमारास, नांदेडला 1988 साली आणि लातूरला 2002 साली आले. परभणीची पाळी 2023 साली आली. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाची वाट थोडी आखूड झाली. परंतु वाट आखूड होणे आणि विश्वास निर्माण होणे यांत अंतर असते. ते अंतर इमारत भरून काढत नाही. ते भरून काढतात त्या विभागाचे प्रमुख, त्यांच्या हाताखालचे शिक्षक आणि मध्यरात्री अपघातग्रस्तापाशी उभा असलेला निवासी डॉक्टर.

मग या समाजाने काय करावे? गोवर्धनदासांच्या विश्वस्तांची अट येथे पुन्हा आठवते. परगावाहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना रात्री टेकायला जागा, गरीब विद्यार्थ्याला ग्रंथ आणि वसतिगृहाचा खर्च, बाहेरून येणाऱ्या चांगल्या शिक्षकाला या गावात राहावेसे वाटेल असा जिव्हाळा, आणि मृत्यूनंतर नेत्रदान, अवयवदान व देहदान करण्याचा संकल्प. यांतील कशालाही संगमरवरी पाटी लागत नाही. 1968 साली त्या युवतीच्या कुटुंबाने शोकाच्या क्षणी होकार दिला, तेव्हा देशात अशी प्रथाही नव्हती. त्या अनामिक होकाराइतके मोठे दान क्वचितच घडते.

परभणीच्या शल्यचिकित्सा विभागाचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे. त्याची पहिली पाने आता भरू लागली आहेत. शंभर वर्षांनी कोणी ती वाचील, तेव्हा तेथे किती यशस्वी शस्त्रक्रिया झाल्या हे तर असेलच. परंतु कोणाच्या हाताखाली कोण शिकले, चूक झाली तेव्हा कोणी ती मान्य केली आणि गावाने त्या विभागाला काय दिले, हेही लिहिलेले असावे. त्या पानांवर या संस्थेच्या नावे एखादी ओळ असावी, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील मंगल भावना.

जयजिनेन्द्र!